कोड उडवला, दोष तिथेच

सर्व्हिसिंगहून गाडी आणली आणि दुसऱ्याच दिवशी मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, ही तक्रार घेऊन गॅरेजच्या काउंटरवर गेलात की उत्तर तयार असतं. "सेन्सरचं असेल साहेब, येतो कधी कधी. चालवा बिनधास्त." फारच धरून बसलात तर एक पोरगा स्कॅनर घेऊन येतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचतो, दोन बटणं दाबतो. दिवा गेला. आपण आभार मानून निघतो. या सगळ्यात बॉनेट उघडलेलं नसतं. गाडीने लिहून ठेवलेली तक्रार तेवढी खोडलेली असते.

हे मला संतापजनक वाटतं, कारण ती तक्रार फार कामाची असते. दिवा लावताना इंजिनाचा कॉम्प्युटर नुसता कोड साठवत नाही. त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर फिरत होतं, गाडीचा वेग काय होता, हेही टिपून ठेवतो. चांगला मेकॅनिक इथूनच सुरुवात करतो. कोड उडवला की ही नोंदही जाते. शिवाय बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय कॉम्प्युटर दिवा लावतच नाही. म्हणजे दिवा घालवल्यावर एखादा दिवस सगळं ठीक दिसतं, गिऱ्हाईक खूश होऊन विसरतं, आणि दिवा परत लागतो तेव्हा गॅरेज सांगतं, "हा नवीन प्रॉब्लेम आहे."

बहुतेक वेळा तो नवीन नसतो. जिथे परवा हात लागला तिथलाच असतो. ऐन मे महिन्यात सोलापुरात एका ओळखीच्यांच्या गाडीचा एअर फिल्टर बदलला आणि दिवा लागला. दुसऱ्या एका छोट्या गॅरेजच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला. कोड होता पी ०११३, आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसत होतं उणे ४० अंश. बाहेर अंगाची लाही होत होती! त्याने हसत बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डब्यामागे सेन्सरचा कपलर नुसता टेकवलेला होता, लॉक बसलंच नव्हतं. तार तुटली किंवा कपलर सुटला की हा सेन्सर बऱ्याच गाड्यांत असंच उणे ४० दाखवतो. मिस्त्रीने कपलर दाबला, खट् आवाज झाला, आकडा सरळ वर चढला. आधीच्या गॅरेजने मात्र त्याच दिव्यासाठी नवा सेन्सर टाकायला सांगितलं होतं.

फिल्टरच्या कामानंतर पाइपाचा क्लॅम्प ढिला राहिला तर न मोजलेली हवा आत जाते आणि पी ०१७१ येतो. प्लग बदलताना कॉइलचा कपलर नीट बसला नाही तर गाडी मिसिंग मारते आणि पी ०३०० किंवा त्याच्या पुढचा कोड येतो. काही गाड्यांना ऑइलची डिपस्टिक पूर्ण खाली बसली नाही एवढंही पुरतं. आणि डिलिव्हरीआधी इंजिनावर प्रेशरने पाणी मारण्याची जी पद्धत पडली आहे, ती तर बंदच व्हायला हवी. कपलरमध्ये पाणी शिरतं. त्या वेळात कोणी गाडी पाच किलोमीटर ट्रायलला नेली असती, तर काही दोष गॅरेजातच सापडले असते.

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर बेताने चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथे जळून त्याची आतली जाळी वितळवू शकतं. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो, किंमत त्यावरून ओळखा. खंबाटकी घाट चढताना दिवा लुकलुकला तर एक्सलेटरवरचा पाय काढा, सुरक्षित जागा बघून थांबा. आणि ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं. तेलबदलानंतर तो लागला तर आधी गाडीखाली वाकून तेल गळतंय का ते बघा.

"येतो कधी कधी" म्हणणाऱ्यांना आणखी एक ऐकवायला हवं. हा दिवा कंपनीने हौसेखातर दिलेला नाही. त्यामागची यंत्रणा अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीची आहे, आपल्याकडे बीएस-४ मोटारींना ती एप्रिल २०१३ पासून लागू झाली. धुरातलं विष वाढतंय हे वेळेवर कळावं म्हणून ती आणली गेली. दिवा दाबून टाकलेली गाडी तो धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर सोडत राहते.

तेव्हा काउंटरवर "दिवा घालवा" म्हणू नका. "कोड वाचा, जॉब कार्डवर लिहा, मग काय कराल ते सांगा" असं म्हणा. घरून निघण्याआधी पेटलेल्या दिव्याचा किलोमीटरच्या आकड्यासकट फोटो काढा आणि सर्व्हिसचं बिल सोबत घ्या. त्यांच्याच कामातली चूक निघाली तर ती सुधारायचे पैसे देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी हा शब्दप्रयोग अशाच कामासाठी आहे. गॅरेज ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि त्यापुढे जिल्हा आयोग. तिथे तो फोटो आणि कोड लिहिलेलं जॉब कार्ड लागेल.