सगळेच नामदेव

आई श्रावणात गेली. ही दुःखाची पहिली दिवाळी, म्हणून घरात तळण नाही, आकाशकंदील नाही. फराळ भावकीनं आणून द्यायचा. भावकीनं तो इतका आणला की दुःखाला ठेवायला जागा उरली नाही. पुण्याचा दादा शुगर सांगून शंकरपाळ्यांकडं पाठ करून बसतो आणि मध्यरात्री डबा वाजतो. कुणी वाजवला हे विचारायचं नसतं. घर दुःखात आहे.

आम्ही भावंडं चार. आमच्या तेरला चार भावंडं पूर्वीही आली होती: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. कथा अशी की, गोरोबाकाका कुंभारांकडं संत जमले असताना मुक्ताईनं थापटण्याची चौकशी केली आणि काकांनी कच्चं-पक्कं पाहायला एकेकाच्या डोक्यावर ते मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. आईबाप गमावलेली चार पोरं दुसऱ्याच्या घरी डोक्यावर मार खाऊनही भांडली नाहीत, हे आमच्या घरातून बघता अतिशयोक्त वाटतं. आमच्याकडं चौघंही नामदेव, आणि थापटणंही चौघांच्या हातात.

लातूरची ताई विचारते, "आईला सोलापूरला आधीच का नाही हलवलं? फोनवर तर ठणठणीत बोलायची." फोनवर आई सगळ्यांशीच ठणठणीत बोलायची, फोन ठेवल्यावर ज्याच्याशी बोलायची तो मी. हैदराबादचा धाकटा काही विचारत नाही. घरातल्या एकमेव चालू प्लगला त्याचा लॅपटॉप असतो. दादानं दवाखान्याची बिलं फायलीला लावून मागितली. लावून दिली. त्यानं टोटल तपासली, बरोबर निघाली, आणि त्याचा चेहरा उतरला.

मग दादानं पोरांना लामतुरे संग्रहालय दाखवलं. तगर म्हणजे आपलं तेर, इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथलं कापड गाड्यांनी भडोचला जायचं आणि तिथून जहाजानं पुढं, हे त्यानं जेवताना आम्हाला सांगितलं. आम्हाला, तेरमध्ये. सातवाहनकाळातली फुटकी खापरं काचेमागं किती जपून ठेवलीत, याचं त्याला फार कौतुक. हात धुताधुता म्हणाला, "आईचा तो चिरलेला रांजण टाकून दे बाबा, उगंच अडगळ." रांजणानं अजून दोनेक हजार वर्षं कळ काढली तर त्याला मान मिळेल.

वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतका हिस्सा राज्यानं १९९४ साली दिला, केंद्रानं २००५ साली. आमच्या घरात तो अजून पोचायचाय. दुःख असल्यानं यंदा ओवाळणी नाही. हक्कसोड पत्राचा कागद मात्र भाऊबीजेचा मुहूर्त धरून आला. दादानं तो फराळाच्या ताटाशेजारी ठेवला, वर वारा लागू नये म्हणून करंजी.

ताईनं करंजी खाल्ली. कागद नीट वाचला, चष्मा बदलून परत वाचला. मग आईच्या पाटा-वरवंट्याकडं बोट करून म्हणाली, "सहीचं पुढं बघू. आधी हा उचलून तुझ्या गाडीत ठेव आणि लातूरला पोचव."

दादाला पाठीचा त्रास आहे. धाकट्याची मीटिंग सुरू झाली. पाटा उचलायला मला सांगण्यात आलं.