जितके स्क्रीन, तितका उजेड

मूव्हिंग लाइट चालवायला कन्सोल कोणतं घ्यावं, हा प्रश्न आपल्याकडच्या लग्न-संगीतवाल्यांनी कायमचा निकालात काढला आहे. ज्याला स्क्रीन जास्त, ते. पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे.

काही अडाणी मंडळी अजून भलतंच विचारत बसतात. नाटकाचे क्यू रोज तस्सेच, एकामागून एक हवेत का? मग ‘ईऑस’ बरं. गायक आयत्या वेळी गाणं बदलणार? मग ‘अ‍ॅव्होलाइट्स’, फेडरवर बोटं फिरवत निभावता येतं. खिसा हलका? ‘मॅजिकक्यू’चं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आधी लॅपटॉपवर हात बसवा. एका दिव्याला २४ चॅनेल धरले तर दिव्यांना हुकूम पोहोचवणाऱ्या ‘डीएमएक्स’च्या एका लाइनीतल्या ५१२ चॅनेलांत २१ दिवे बसतात, असला हिशेबही ते मांडतात. हिशेबाने कुणाची पत वाढली आहे?

जाणकार थेट ‘ग्रँडएमए थ्री’ मागवतात. हजारो पॅरामीटर पेलणारं जर्मन यंत्र, समोर आठ दिवे. तेही साउंड मोडवर, म्हणजे ढोलाच्या ठोक्याला आपोआप फिरणारे. ऑपरेटरने फक्त कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे पाहायचं.

पुढची पायरी उघड आहे: दिवे रद्द करून कन्सोलच स्टेजवर मधोमध मांडावं. वधूवरांनी त्याच्याच शेजारी उभं राहावं.

मग फोटोग्राफर येतो, “चेहरे जांभळे येतायत” म्हणतो आणि हॉलच्या ट्यूबलाइट लावल्या जातात. त्यांचं बटण वॉचमनकाकांच्या खोलीत असतं. त्याला प्रोग्रामिंग लागत नाही.