निरंक

वहिनी, कुरडया नंतर उलटा, आधी इकडे कुंपणाशी या. मोठ्यानं बोलायची सोय नाही. ह्यांच्या ऑफिसात दोन नवी माणसं रुजू झाली. ऑफिस कुठलं ते तुम्हाला ठाऊक आहे, नाव घ्यायला नको. शहापुरात भिंतींना कान आहेत, नि आपल्या कुंपणाला तर भिंतही नाही.

एक मुलगा, नांदेडकडचा. इंजिनिअर आहे हो, आणि क्लार्क म्हणून आलाय! 2023 ची तलाठी परीक्षाही दिली होती म्हणे. 4644 जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज, फी हजार रुपये. तिथं नाही लागला, इथं लागला. दुसरी मुलगी, मुरबाडची, टोकावड्याच्या पुढच्या ठाकरवाडीतली. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या जागांच्या भरतीतली. त्या भरतीचं माहीतच आहे ना तुम्हाला? कोर्टात अडकलेली. पोरं परीक्षा देऊन घरी बसलेली. 2024 च्या ऑक्टोबरात झिरवाळांनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून जाळीवर उडी मारली, तेव्हा कुठे हालचाल झाली. तीही मानधनावर. विधानसभेच्या उपाध्यक्षानं उडी मारावी तेव्हा पोरांना ऑर्डर मिळावी, काय म्हणायचं याला!

स्वागत झालं हो, झालं. एकेक गुलाब, वडापाव, साहेबांचं भाषण, "आपण सारे एक कुटुंब". फोटो लगेच ग्रुपवर. वडापावचा कागद टोपलीत पडायच्या आधी कुटुंबानं त्या पोरीपुढे कपाटाची किल्ली ठेवली आणि चार्ज यादी पुढे सरकवली, म्हणे इथं सही कर. कपाटात काय आहे ते कोणालाच माहीत नाही. यादीत सदतीस रजिस्टरं, आत किती ते देव जाणे. सही केली की हरवलेलं सगळं तिच्या नावावर.

ह्यांनी काय केलं असेल? काही नाही, चहा पिता पिता हळूच म्हणाले, "बाळा, मोजल्याशिवाय सही करू नकोस." बस्स. पोरीनं पेन खाली ठेवलं, ओढणी कमरेला खोचली आणि जमिनीवर बसून मोजायला लागली. नांदेडचा मुलगा धूळ झटकून हातात देतोय, ही लिहून घेतेय. संध्याकाळपर्यंत सहा रजिस्टरं कमी निघाली. आता ऑफिसात दोघेतिघे ह्यांच्याशी बोलत नाहीत. चहाची वर्गणी मात्र बिनबोलता घेऊन जातात.

हे असे का वागले विचारता? अहो, लागले तेव्हा ह्यांनीही अशीच सही ठोकली होती, आणि एका रजिस्टरापायी दोन वर्षं नोटिशींची उत्तरं देत बसले होते. तेव्हा कोणी कानात सांगितलं नव्हतं.

पण खरं सांगू, ह्यांचं मन ऑफिसातून उडालंय. पूर्वी सायकलवरून किन्हवलीपर्यंत जायचे, पाड्यावर बसून अर्ज लिहून द्यायचे, घरी येताना पिशवीत करटोली असायची. थकायचे, पण जेवताना चार गोष्टी सांगायचे. आता दुपारी दोनला मेसेज येतो, माहिती तीनपर्यंत पाठवा. तीच माहिती गेल्या महिन्यात दिलेली असते, नुसते कॉलम बदललेले. त्यात सर्व्हर बंद. आणि माहिती नसेल तर "निरंक" असं लिहून तरी पाठवाच! परवा झोपेत म्हणाले हो, "निरंक कळवलं". मी म्हटलं, बायको पण निरंक झाली का तुमची?

आळशी म्हणू नका हं त्यांना. 2023 च्या मार्चमध्ये तो जुन्या पेन्शनचा संप झाला ना, चौदा ते वीस तारखेचा, त्यात हे सातही दिवस बसले. ह्यांची पेन्शन जुनीच आहे, 2005 च्या आधीचे ते. मी म्हटलं, तुम्हाला काय मिळणार? तर म्हणे, मागून येणाऱ्यांचं काय?

आता त्या मुलीचं ऐका. टंचाई आराखड्याची बैठक होती. भातसा नि तानसा आपल्या तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि पाड्यांना उन्हाळ्यात टँकर, हे आपल्याला नवीन नाही. हिनं कागद बघितला आणि विचारलं, "सर, दरवर्षी त्याच पाड्यांची नावं कशी? विहिरी कोणी बघून आलं का?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, "नवीन आहेस, होईल सवय." घरी आल्यावर हे हसत होते. कित्येक महिन्यांनी हसले, वहिनी. म्हणाले, "मला जे विचारायचं सुचेनासं झालं होतं ते हिनं विचारलं." आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर विहिरी बघायला गेले, ते दुखरे गुडघे घेऊन!

मला तर वाटतं, गुलाबबिलाब देऊ नये. नव्या माणसाला कपाट उघडून दाखवावं आणि डबा कुठे बसून खायचा ते सांगावं.

बरं, ज्यासाठी हाक मारली ते राहिलंच. शनिवारची सुट्टी झाल्यापासून सकाळी पावणेदहाला अंगठा लावावा लागतो, सुटायला सव्वासहा. ती टोकावड्याहून सरळगाव, तिथं एसटी बदलून किन्हवलीवरून शहापूर. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणजे दुसरा मार्ग कल्याणला वळसा घालून. पोर रोज अंधारात निघते, अंधारात पोचते. तुमची मागची खोली दिवाळीपासून रिकामी आहे ना? डिपॉझिट मागू नका, मानधनावर आहे ती. शनिवारी आणते तिला दाखवायला, तेवढा नळ दुरुस्त करून घ्या.