कढीपत्ता आणि बोलकी बाहुली

"काकू, चार डहाळ्या द्या ना कढीपत्त्याच्या. एवढ्यासाठी ओक ट्री रोडवर पार्किंग कुठं शोधत बसू!"

"घे की. पण आमचा शहाणा कुठाय? एरवी कुंपणाला लोंबकळत असतो."

"टॅबलेटवर रंग शिकतोय."

"तो शिकतोय, की तू स्वयंपाक उरकतेयस?"

"दोन्ही!"

"परवा केळं दाखवून रंग विचारला, तर पठ्ठ्यानं केळ्याला बोट टोचून पाहिलं. टॅबलेटमधलं केळं टिचकी मारली की 'यलो' ओरडतं ना! माझं बोलेना, म्हणून दिलं टाकून."

"काहीतरीच हं काकू!"

"खोटं वाटतं? अगं, सिअ‍ॅटलच्या संशोधक पॅट्रिशिया कुलबाईंनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं बसवली. बारा बैठकांत पोरांचे कान त्या उच्चारांना तयार! तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर ढिम्म."

"मग टॅबलेट बंदच करू का?"

"तसं कुठं म्हणतेय? इथल्या, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच २०१६ साली सांगितलंय, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला तासभर चालेल. पण चांगलं बघून, आणि आईबापानं शेजारी बसून. ते 'शेजारी बसून' आपण सोयीनं विसरतो. दीड वर्षाखाली तर नकोच म्हणालेत, व्हिडिओ कॉल तेवढा सोडून."

"आजी-आजोबांची सोय!"

"पोरांसाठी यंत्राला बोलतं करायचा खटाटोप जुनाच गं. एडिसनचं ठाऊक आहे ना? इथंच पलीकडे, न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला, १८७७ साली फोनोग्राफ केला. पुढं १८९०मध्ये बोलकी बाहुली विकायला काढली. पाठीतली दांडी फिरवली की बडबडगीत म्हणायची. आवाज असा चिरका, की भूतच बोलतंय वाटावं! थोड्याच आठवड्यांत विक्री बंद. एवढा मोठा माणूस, पण आईच्या गळ्याची नक्कल काही जमली नाही बघ."

"आमचे बाबा साताऱ्याहून रोज फोन करतात. आपली सकाळ, त्यांची संध्याकाळ. हा स्क्रीनला पोहे भरवतो, बाबा तिकडे 'आ' करतात. हळदीनं फोन पिवळा झालाय."

"मग झालं की! पिवळा तिथंच शिकला असेल."

"पण परवा बाबांनी आवंढा गिळला नाही, तर रुसला. म्हणे, आजोबा नीट जेवत नाहीत!"

"अगो बाई! आणि हे काय, आत एवढी सामसूम कशी?"

"अय्या, टॅबलेटची बॅटरी संपली असणार. पळते मी, आता भोंगा सुरू होईल!"

"अगं, कढीपत्ता राहिला!"