ओरिजिनलवाले अण्णा

ही जमात चाळिशीत उगवते. पोरं दहावीला येतात, कपाळ मागे सरकू लागतं आणि एक दिवस माणूस माळ्यावर चढून लहानपणीचा व्हिडिओ गेम खाली काढतो. दुधनीतला आमचा नमुना म्हणजे अण्णा. दिवसभर मार्केट यार्डात आडतीवर तूर तळहातावर घेऊन भेसळ ओळखायची आणि रात्री जेवणं उरकली की मारिओ.

हॉलमध्ये भिंतीवर मोठा एलईडी आहे. त्यावर घरचे मालिका बघतात. अण्णांच्या वाट्याला आतल्या खोलीतला पिक्चर ट्यूबचा डबडा टीव्ही. ‘‘एलईडीवर बदक मरत नाही,’’ असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, आणि या बाबतीत ते शंभर टक्के खरे आहेत. ‘डक हंट’च्या बंदुकीतून काही सुटत नाही, तिच्या नळीत उजेड टिपणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो नेमक्या वेळी नळीला दिसला, तर बदक पडलं. एलईडी चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात हिशेब चुकतो. (अण्णा बंदूक काचेला टेकवूनच नेम धरतात, ते सोडा.)

खेळाआधी पूजा असते. अडाप्टर गरम झालाय का बघायचं, मुंग्यांमधून चॅनेल शोधायचं, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने खरं तर थुंकीच आत जाते आणि पिनांना गंज धरतो; कॅसेट चालते ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. हे अण्णांपुढे बोलायचं नाही.

दिवाळीत पुण्याचा भाचा आला. त्याच्या मोबाइलमध्ये एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारं सॉफ्टवेअर. ‘‘मामा, अख्खा मारिओ ४० केबीचा. तुम्ही रोज सकाळी स्वामी समर्थांचा फोटो पाठवता ना, त्यात दोन-तीन मारिओ बसतील.’’

अण्णांनी मोबाइल हातात घेतला, एक उडी मारली आणि परत दिला. ‘‘बटण दाबल्यावर विचार करून उडी मारालाय की बे हा!’’ त्यातही तथ्य होतं. काचेवरच्या बटणांना ती चपळाई नसते. पण भाचा खड्ड्याच्या काठावर खेळ सेव्ह करतो आणि पडला की पुन्हा काठावर उगवतो, हे पाहिल्यावर मात्र अण्णा उठून उभेच राहिले. ‘‘मेला म्हणजे मेला! आमच्या वेळी शेवटच्या किल्ल्यात लाइट गेली तरी पहिल्यापासून खेळायचो आम्ही.’’

‘‘निन्टेन्डोनं स्वतः २०१६ साली छोटं मशीन विकलं, मामा. त्याच्यातपण एम्युलेटरच होता.’’

‘‘असंल. आपलं ओरिजिनल आहे.’’

भाच्याने स्क्रू ड्रायव्हर मागितला. झाकण उघडलं, तर एवढ्या मोठ्या डब्यात तळहाताएवढी पट्टी आणि तिच्यावर डांबर सांडल्यासारखा एक काळा ठिपका. मशीनचा सगळा मेंदू त्या ठिपक्याखाली. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानात निघाला. आपल्याकडे घरोघर शिरली ती बहुतेक त्याची स्वस्त नक्कल. नाव वेगळं, खोकं वेगळं, मारिओ तोच. आणि ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये मूठभर गेम. पुढच्या आकड्यांवर तेच, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून, कुठे जादा लाइफ देऊन.

तुरीतला खडा बोटाने वेगळा काढणारे अण्णा बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू स्वतः पिळले.

‘‘चिनी असंना का. बापानं नगद मोजून आणलंय, सोलापूरहून. तुझं फुकट डाउनलोड केलेलं.’’

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांनी ‘कॉन्ट्रा’ लावला आणि सुरुवातीच्या चित्रावर रिमोट खडखडवला: वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, बी, ए. तिनाच्या तीस लाइफ झाल्या.

‘‘मामा, ही चीटिंग नाही का?’’

‘‘हे कंपनीनंच दिलंय बे,’’ अण्णा म्हणाले आणि दुसरा रिमोट त्याच्याकडे सरकवला.