शून्य नंबरचा सभासद

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या आमच्या कॉलनीत एक छोटंसं वाचनालय आहे. त्याचं रजिस्टर मी कॉम्प्युटरवर चढवून देतो, असं बोलून बसलो तेव्हा समोर गरम भजी होती. भजी संपली, शब्द उरला.

जुन्या रजिस्टरची रीत अशी : 'बॉयलरवाल्यांची मिसेस, दोन कादंबऱ्या, एक पान सुटं.' तारीख असलीच तर असली. मी ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये दोन टेबलं केली. एकात सभासद, दुसऱ्यात नेलेली पुस्तकं. वर मोठा फॉर्म, त्याच्या पोटात छोटा फॉर्म. वर माणूस निवडायचा, खाली पुस्तकाचा नंबर टाकायचा. टेबलांची अशी सोयरीक जुळवायची कल्पना आयबीएमच्या एडगर कॉडनं 1970 साली मांडली. त्याच साली आमच्या थर्मलचा पहिला संच सुरू झाला. हा योगायोग मी भज्यांसोबत सगळ्यांना ऐकवलाही होता.

पहिलंच पुस्तक टाकलं आणि यंत्र अडलं. संबंधित नोंद सभासदांच्या टेबलात नाही, म्हणे. अरे, माणूस वर ढळढळीत दिसतोय! मी एन्टर दाबलं, मग जोरात दाबलं. शेवटी लॅपटॉप बंद करून चालू केला. संच एकदा बंद पडला की पेटवायला किती तास आणि किती तेल लागतं, हे ऐकत मोठा झालेला मी. पण घरात माणूस तेवढा विचार करत नाही.

दोन रात्री घालवल्यावर सापडलं की छोटा फॉर्म सभासद क्रमांकाच्या जागी गुपचूप शून्य भरतोय, आणि शून्य नंबरचा सभासदच नाही. शहाण्यानं विचारलं असतं, हे शून्य येतं कुठून? मी शून्य नंबरचा सभासद तयार केला. नावाच्या रकान्यात एक टिंब टाकलं. यंत्र खूश. छोटा फॉर्म फक्त नव्या नोंदींपुरता ठेवला होता, जुन्या दिसत नव्हत्या, म्हणून मीही खूश. रजिस्टर रद्दीत गेलं.

वर्षभरानं वार्षिक सभा आली. सर्वाधिक वाचन करणाऱ्याला श्रीफळ द्यायचं ठरलं. मी ऐटीत यादी काढली. यादीत एकच नाव : टिंब. कॉलनीनं वर्षभरात नेलेली झाडून सगळी पुस्तकं त्या एकट्यानं वाचली होती, त्यात बाळाच्या नावांचं पुस्तकही होतं.

शेजारचे काका कंट्रोल रूममधून निवृत्त झालेले. चष्मा पुसत लॅपटॉपपाशी बसले.

"वरच्या माणसाचा नंबर खाली कोण नेतो?"

"आपोआप जातो, काका."

"आपोआप? त्याला तसं सांगितलंय कोणी? अरे, परमिटवर नंबर पडल्याशिवाय आम्ही पंपाला हात लावू देत नव्हतो. मशीन समोर दिसत असलं तरी!"

छोट्या फॉर्मच्या प्रॉपर्टीज उघडल्या. 'लिंक मास्टर फील्ड्स' आणि 'लिंक चाइल्ड फील्ड्स' अशी दोन घरं होती. दोन्ही रिकामी. म्हणजे दोन्ही फॉर्म वर्षभर एकाच छताखाली राहून एकमेकांशी बोलत नव्हते. हे तसं आमच्या घरीही अधूनमधून होतं, पण तिथे निदान निरोप पोचवायला मुलगी आहे. दोन्ही घरांत 'सभासद क्रमांक' लिहिलं. टेबलातल्या त्या रकान्याला आपसूक मिळणारं शून्यही खोडलं. पुढचं पुस्तक निमूटपणे आपल्या माणसाच्या नावावर चढलं.

राहिली मागची नोंद. एकशे बारा पुस्तकं अजून टिंबाच्या नावावर बाहेर आहेत आणि ती खरी कोणाच्या उशाशी आहेत, हे फक्त त्या टिंबाला माहीत. सभेत मी हे सगळं नीट समजावून सांगितलं. मास्टर, चाइल्ड, शून्य, सगळं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेवटी सेक्रेटरी उठले. "ते ठीक आहे. पण आधी त्या माणसाला नोटीस काढा. क्वार्टर नंबर काय म्हणालात त्यांचा?"