भोक एकदाच पडता

कोकणातल्या प्रत्येक बंदरात एक दाजी असतो. त्याने नवी बोट घेतलेली असते आणि ती सजवायची कुठे, हे त्याचं अजून ठरलेलं नसतं.

आमच्या देवगडच्या दाजींची बोट फायबरची, ३२ फुटांची. शिमगा झाल्यावर कर्नाटकातून ट्रेलरवर बसून आली. बोट कसली, नुसतं कवच. इंजिन, शाफ्ट, पंखा, सुकाणू, वायरिंग, जीपीएस, बर्फाचा खण, सगळं बसवायचं बाकी. ती दाजींच्या हापूसच्या कलमाखाली ओंडक्यांवर उभी राहिली. रात्री तिच्यात कोंबड्या बसू लागल्या आणि दिवसा वहिनी आमसुलं वाळत घालू लागल्या.

"दाजीनू, बोट खंय नेतल्यात?" असं कुणी विचारायची खोटी, दाजी खुर्ची पुढे सरकवतात आणि शंभर पानी वही काढतात. वहीत दर बंदराला एक पान.

मिरकरवाड्याला खिळ्यापासून विंचपर्यंत सगळं मिळतं, हे दाजींना मान्य. पण गर्दी केवढी! बोटीवरून बोटीवर पाय टाकत माणूस अख्खं बंदर ओलांडेल. हर्णैला बोटी बाहेर उभ्या राहतात आणि मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. "म्हणजे इंजिन मी बैलगाडीतना न्हेव?" वास्कोच्या खारीवाड्यातले मिस्त्री हुशार, पण आपली बोट परक्या राज्यात कशी ठेवायची? बोटच परक्या राज्यातून आली, याची आठवण करून दिली तर दाजींना ऐकू येत नाही. मालवणजवळचं सर्जेकोट निवाऱ्याचं, पण तिथे त्यांचे साडू राहतात. त्या पानावर एवढाच एक मुद्दा आहे.

विजयदुर्गाच्या पानाशी मात्र आवाज बदलतो. किल्ल्यामागे, वाघोटन खाडीत, खडक फोडून केलेली आंग्रेकालीन गोदी आहे. "आंग्रे काय खुळे होते? नैऋत्येचो वारो थंय पोचणा नाय!" तिथे इंजिन उचलायला क्रेन कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. "आंग्र्यांका होती?" संपला विषय.

दाजी बंदर बघायला जातात तेही ओहोटीला. "भरतीक सगळीच बंदरां देखणी दिसतत." हातात काठी. ती गाळात खुपसून किती आत जाते ते बघायचं, क्रेनच्या आकड्याला बोट लावून गंज बघायचा आणि मग मिस्त्रीची तोंडी परीक्षा घ्यायची. शाफ्ट शेवटचा सरळ कधी करणार? "आताच करून देतो" म्हणणारा तिथेच नापास. कारण पाण्यात बसल्यावर बोटीचं अंग किंचित बदलतं. जमिनीवर ओळंब्यात बसवलेलं इंजिन आणि शाफ्ट केसभर सरकले, तरी बोट हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. म्हणून शेवटची जुळणी पाण्यातच करायची. मग पुढचा प्रश्न, जस्ताचे ठोकळे कुठे लावणार? खाऱ्या पाण्यात दोन जातीचे धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खातो. जस्त आधी झिजतं आणि पंखा वाचतो. परीक्षेचा शेवट टपरीवरच्या चहाने. चहा वाईट असला तर मिस्त्री चांगल्या चहाच्या शोधात अर्धा तास गायब होणार, असा दाजींचा हिशेब.

सगळ्यात नाजूक विषय मासे दाखवणाऱ्या यंत्राचा. त्याच्यासाठी कोऱ्या बोटीच्या तळाला भोक पाडावं लागतं. तो विषय निघाला की दाजी वही मिटतात. "भोक एकदाच पडता."

बोट पाण्यात ढकलायला उधाणाची भरती बरी, म्हणजे अमावास्या नाहीतर पौर्णिमा. ती चुकली की पंधरवडा गेला. दाजींचं पालुपद ठरलेलं: "ह्या उधाणाक नाय, फुडच्या." १ जूनला मासेमारीची बंदी लागली तेव्हा त्यांना हायसंच वाटलं. ३१ जुलैपर्यंत कुणी काही विचारणार नव्हतं. विचारलं ते फक्त वहिनींनी. "माका बघूक इले तेव्हा चाय निवायच्या आधी 'होय' म्हणाले हे. आणि ह्या बोटीक बंदर गावना नाय!"

पण संध्याकाळी कलमाखाली डोकावलं की सगळा उलगडा होई. दाजी पंचाने बोट पुसत असत. कोंबड्यांची करणी काढून टाकत आणि उगाच एक फेरी मारत. बोटीला अजून ओरखडा नव्हता, भोक नव्हतं, कर्जाचा हप्ता सोडला तर कसली तक्रार नव्हती. एवढी निर्दोष वस्तू कुठल्या मिस्त्रीच्या हाती द्यायची?

शेवटी दिली ती सर्जेकोटला. क्रेन भाड्याने आणायची, चहा वाईट, साडू हजर. पण तिथल्या मिस्त्रीने वही चाळून परत दिली आणि म्हणाला, "इंजिनाची जागा चुकली हा. एवढा मागे घेतलास तर नाळ वर उठतली." दाजी त्याच्याशी तासभर भांडले, हरले आणि खुशीत घरी आले. "भांडता तो. म्हणजे काम मनावर घेता." बाकीचे सगळे त्यांना 'होय शेठ' म्हणाले होते.

भोक पाडलं त्या वेळी दाजी साडूंना घेऊन तोच वाईट चहा प्यायला गेले होते.

आता वाडीत आणखी एकाची बोट आली आहे. तो दाजींकडे विचारायला आला. सर्जेकोटला जा, एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण दाजी म्हणाले, "आधी सगळी बंदरां बघ. ओहोटीक." परवा तो दुकानात शंभर पानी वही घेताना दिसला. दाजी मागेच उभे होते.

"दोनशे पानी घे," ते म्हणाले.